मॅस्टोडॉन: 'एवढंच?' असं विचारायला लावणारं सोशल मीडिया

मॅस्टोडॉनबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट म्हणजे ते संपतं. उघडलं, आपण ज्यांना फॉलो करतो त्यांनी मधल्या वेळात जे काही लिहिलं ते वाचलं, काल जिथे थांबलो होतो ती पोस्ट आली, की त्याखाली सगळं वाचलेलंच. मध्येच 'तुम्हाला हेही आवडेल' नाही, कोणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ नाही, जाहिरात नाही. मी ज्यांना ज्यांना हे दाखवलं त्यातल्या बहुतेकांनी स्क्रीन खाली ओढून पुन्हा लोड करून पाहिली आणि विचारलं, "एवढंच?"

हो, एवढंच. हे चांगलं की वाईट, ते तुम्ही सोशल मीडियावर कशासाठी जाता त्यावर आहे. मी बरीच वर्षं वापरतोय, त्यामुळे कौतुक आणि तक्रारी दोन्ही भरपूर आहेत.

आधी हे आहे काय ते सांगतो. युजेन रॉच्को या जर्मनीतल्या विशीतल्या प्रोग्रामरने २०१६ साली हे सॉफ्टवेअर लिहून खुलं केलं. खुलं म्हणजे कोणीही ते फुकट घ्यावं, आपल्या सर्व्हरवर चढवावं आणि आपलं छोटंसं सोशल नेटवर्क चालू करावं. असे हजारो सर्व्हर आहेत आणि ते 'ॲक्टिव्हिटीपब' नावाच्या प्रमाणानुसार एकमेकांशी बोलतात. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८च्या जानेवारीत त्यावर शिक्कामोर्तब केलं. तुमचं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्यावर, तरी आपण एकमेकांना फॉलो करू शकतो. ईमेलचं चालतं तसंच हे. म्हणून इथल्या नावातही दोन भाग असतात, आधी तुमचं नाव आणि मग सर्व्हरचं.

पहिली अडचण इथेच येते. खातं उघडायला गेलं की प्रश्न पुढे येतो, कोणता सर्व्हर? नव्या माणसाला हा प्रश्नच कळत नाही. निम्मे लोक इथूनच परत जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. अधिकृत ॲपने आता सरळ मुख्य सर्व्हरवर खातं उघडायचं बटण वर आणून ठेवलंय. ती सोय बरी आहे, पण सगळ्यांनी एकाच मोठ्या सर्व्हरवर जायचं तर मग हा सगळा खटाटोप कशासाठी, हेही आहेच.

आता जरा मागे जातो, कारण इथे काय नाही हे कळायला ते बाकीकडे कसं आलं ते माहीत असावं लागतं. मी मुद्रितशोधक आहे. पान हातात आलं की मजकुराआधी त्याची मांडणी दिसते, आणि सोशल मीडियाचा इतिहास मला मांडणीचाच इतिहास वाटतो. लोक बिघडले, पिढी वाया गेली, वगैरे मला पटत नाही. लोक होते तसेच आहेत. पानावरची बटणं बदलली.

'सिक्सडिग्रीज' १९९७मध्ये आलं, 'फ्रेंडस्टर' २००२मध्ये, 'मायस्पेस' २००३मध्ये, ऑर्कुट आणि फेसबुक २००४मध्ये. या सगळ्यांत सुरुवातीला एक गोष्ट सारखी होती. कोणाचं काय चाललंय हे बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागायचं. ऑर्कुटवर आपण मित्राच्या स्क्रॅपबुकात जाऊन लिहायचो, तो आपल्या स्क्रॅपबुकात येऊन उत्तर द्यायचा. जाणं-येणं होतं. ज्याच्याकडे गेलो नाही त्याचं काही कळायचं नाही, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटायचं नाही.

फेसबुकने २००६च्या सप्टेंबरमध्ये न्यूज फीड आणलं आणि हे जाणं-येणं संपलं. आता सगळ्यांचं सगळं एका जागी, न मागता. लोक खवळले. फीडच्या विरोधात फेसबुकवरच गट निघाला आणि त्यात लाखो लोक सामील झाले. गंमत अशी की तो गट एवढा वाढला तो फीडमुळेच: मित्र सामील झाला की त्याची बातमी तुमच्या फीडमध्ये, की तुम्हीही सामील. कंपनीला जे कळायचं ते तिथेच कळलं असणार. माणसाला राग आला तरी तो तिथून जात नाही, उलट जास्त वेळ थांबतो.

त्याच वर्षी एझा रास्किन या डिझायनरने खाली जाल तसं पान आपोआप वाढत जाण्याची युक्ती बसवली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २००९मध्ये फेब्रुवारीत फेसबुकचं लाइक आलं आणि वर्षाअखेरीस ट्विटरचं रीट्वीटचं बटण. त्याआधी रीट्वीट करायचं तर मजकूर कॉपी करायचा, पुढे 'आरटी' आणि मूळ माणसाचं नाव टाकायचं, अक्षरं बसत नसतील तर काटछाट करायची. एवढं करताना माणूस निदान एकदा तरी वाचायचा. बटणाने ते काम एका टिचकीवर आणलं. ते बटण बनवणाऱ्या चमूचा प्रमुख क्रिस वेदरेल पुढे २०१९मध्ये म्हणाला, की आपण बहुधा चार वर्षांच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र दिलं.

या एका टिचकीचा परिणाम मोजलाही गेलाय. एमआयटीतल्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. २०१८च्या त्यांच्या निबंधानुसार खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. बॉट (म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम चालवतो ती) खाती वगळून पाहिलं तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे हे माणसांनीच केलं, बटण दाबून.

मग आली क्रमवारी. ट्विटर आणि इन्स्टाग्राम दोघांनीही २०१६मध्ये वेळेनुसार दिसणारी टाइमलाइन बाजूला सारून 'तुमच्यासाठी महत्त्वाचं' आधी दाखवायला घेतलं. फेसबुकने २०१८मध्ये कॉमेंट आणि शेअरला जास्त वजन दिलं, हेतू सांगितला तो 'अर्थपूर्ण संवादा'चा. त्यांचे आतले कागद २०२१मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणले, तेव्हा कळलं की २०१७पासून प्रतिक्रियांच्या चेहऱ्यांना लाइकच्या पाचपट वजन होतं, आणि त्यात रागावलेला चेहराही होता. पुढे रागाचं वजन शून्यावर आणलं म्हणे. तीन वर्षं गेल्यावर.

म्हणून मी मॅस्टोडॉनचं परीक्षण बटणांवरून करतो.

लाइकसारखं एक बटण इथे आहे, तारा. तो दाबला की लिहिणाऱ्याला कळतं, बस. त्यामुळे ती पोस्ट कोणाच्या टाइमलाइनमध्ये वर चढत नाही. पुढे पाठवायचं असेल तर 'बूस्ट', आणि बूस्ट केलेली पोस्टही वेळेच्या क्रमानेच येते. आवडणं आणि पसरवणं यांची इथे फारकत आहे. एखाद्याच्या घरी वाईट घडलं, त्याने दोन ओळी लिहिल्या, आपण तारा दाबला, तर ती माहिती आपल्या साडेतीनशे ओळखीच्या लोकांपुढे जाऊन पडत नाही. दुसरीकडे कुठे लाइक करताना मी आता दहादा विचार करतो, इथे करत नाही.

आकडे मुद्दाम मागे ठेवलेत. बराच काळ वेबवरच्या टाइमलाइनमध्ये पोस्टखाली उत्तरं किती आली हे फक्त '०', '१' किंवा '१+' एवढंच दिसायचं. दोन आली तरी १+, दोनशे आली तरी १+. खरा आकडा हवा तर पोस्ट उघडा. मला ही बारीकशी लबाडी फार आवडायची. गर्दी बघून गर्दीत शिरायची आपली खोड त्यांनी नीट ओळखली होती.

ट्रेंडिंग आहे, पण वेगळ्या कप्प्यात. तिथे काय दिसावं यावर सर्व्हर चालवणारा माणूस नजर ठेवू शकतो. तुम्ही त्या कप्प्यात गेलाच नाहीत तर तो तुमच्याकडे येत नाही.

सगळ्यात वादाचं बटण म्हणजे कोट. कोणाची पोस्ट उचलून वर आपलं भाष्य लावून आपल्या लोकांना दाखवायची सोय. रॉच्कोने ती बरीच वर्षं मुद्दाम दिली नाही. या बटणाने माणसाशी बोलण्याऐवजी माणसाबद्दल बोललं जातं, तेही त्याला समोर उभं करून. मग कोट करणाऱ्याचे हजार अनुयायी मूळ माणसावर तुटून पडतात. अशा झुंडीत सापडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. एका ओळखीच्या बाईंनी एका साध्या वाक्यासाठी आठवडाभर फोन बंद ठेवला. पण दुसरी बाजूही खरी आहे. कित्येकांना, विशेषतः ज्यांचा आवाज एरवी कोणी ऐकत नाही त्यांना, दुसऱ्याचं बोलणं पुढे ठेवून त्यावर टीका करायला हेच बटण लागतं. ते नाही म्हणून इथून निघून गेलेले लोक मला माहीत आहेत. शेवटी २०२५मध्ये मॅस्टोडॉनने कोट आणलं, पण दोन कुलपं लावून: आपली पोस्ट कोणी कोट करावी हे लिहिणारा ठरवतो, आणि कोणी केली तर ती त्यातून काढूनही घेऊ शकतो. एवढी साधी गोष्ट मोठ्या कंपन्यांना आधी का सुचली नसेल? सुचली असेल. झुंडीतही लोक बराच वेळ थांबतात.

संपादनाचं बटण. इथे मी निःपक्षपाती नाही. पोस्ट टाकल्यावर ती दुरुस्त करता येते, दुरुस्त केली हे दिसतं, आधीचा मजकूर काय होता हेही कोणालाही उघडून बघता येतं, आणि ज्यांनी बूस्ट केली होती त्यांना कळवलं जातं. आमच्या धंद्यात शुद्धिपत्र असंच असायला हवं. ज्याने 'न' गाळल्यामुळे आपल्या वाक्याचा अर्थ उलटा झालेला पाहिलाय त्याला याची किंमत कळेल.

चित्रांना वर्णन लिहायची पद्धत इथे जितकी रुजलीय तितकी मी कुठेच पाहिली नाही. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडरवर ते वर्णन ऐकतात. वर्णनाला तब्बल १,५०० अक्षरांची जागा आहे आणि लोक ती वापरतात. एकाने ढगांच्या फोटोला लिहिलेलं वर्णन मला फोटोपेक्षा आवडलं होतं. पण वर्णन न टाकता फोटो टाकलात, तर दोन तासांत कोणीतरी येऊन शाळा घेईल, आणि प्रत्येक वेळी प्रेमाने घेईल असं नाही.

तर आता तक्रारी.

मॅस्टोडॉनवर उपदेश फार. नव्या माणसाने काही टाकलं की जुने लोक नियम सांगायला येतात. राजकारणावर लिहिताय तर वर इशारा लावा म्हणजे मजकूर झाकलेला राहील, हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करा, हे असं आम्ही इथे करत नाही. सांगतात ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पण दिवसभर बरोबर लोकांच्या संगतीत राहणं दमवतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. तुमचा सर्व्हर हा शेवटी कोणातरी माणसाचा असतो. तो बहुधा आपल्या फावल्या वेळात, देणग्यांवर किंवा पदरमोड करून चालवतो. त्याला कंटाळा आला, तो आजारी पडला, सहकाऱ्यांशी भांडला, की संपलं. माझा पहिला सर्व्हर (नाव सांगत नाही, माणूस भला होता) असाच बंद झाला. नोटीस वेळेवर मिळाली. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर बंद करण्याआधी तीन महिने सांगण्याचं वचन द्यावं लागतं, रोज बॅकअप घ्यावा लागतो, आणि अडीअडचणीला दुसऱ्या एका माणसाकडे किल्ल्या असाव्या लागतात. मी दुसरीकडे गेलो. अनुयायी आपोआप बरोबर आले, ही खरोखर जादू आहे. दुसऱ्या कुठल्या मोठ्या सोशल मीडियावरून तुम्ही आपले लोक असे उचलून नेऊन दाखवा. पोस्ट मात्र येत नाहीत. नवा पत्ता सगळ्यांना कळला पण सामान जुन्या घरात राहिलं, असं काहीसं. त्याची फाइल उतरवून घेता येते, तीच माझ्या संगणकात पडून आहे.

तरीही मला वाटतं मोठ्या कंपन्यांपेक्षा हे बरं. ऑर्कुट २०१४च्या ३० सप्टेंबरला बंद झालं तेव्हा गूगलला कोणी काय करू शकलं? मायस्पेसने तर २०१९मध्ये सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना २०१६च्या आधी चढवलेलं संगीत, छायाचित्रं, व्हिडिओ गेलं. तिथे तर तीन महिने नाही, तीन दिवसही मिळाले नाहीत.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, सावधगिरी. इथले खासगी संदेश कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणलं तर तो वाचू शकतो. खरोखर खासगी बोलायचं असेल तर दुसरं ॲप वापरा.

माणसं आहेत का? २०२२च्या ऑक्टोबरअखेर इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं आणि लोंढा इकडे आला. महिन्याला वापरणारे तीन लाखांच्या आसपास होते ते महिनाभरात २५ लाखांवर गेले. त्यातले बरेच वर्षभरात परतले. पुढल्या वर्षी जुलैत मेटाचं (म्हणजे फेसबुकच्याच कंपनीचं) थ्रेड्स आलं, त्यावर पाच दिवसांत दहा कोटी खाती उघडली गेली. कुठे काय! खेळाडू, नट, वर्गमित्र इथे सापडणार नाहीत. संशोधक, प्रोग्रामर, ग्रंथपाल, नकाशे काढणारे, पक्षी बघणारे भरपूर सापडतील. सरकारंही थोडी आहेत. जर्मनीचं संघीय सरकार, नेदरलँड्सचं सरकार यांनी स्वतःचे सर्व्हर उभारलेत. म्हणजे मंत्रालयाची घोषणा मंत्रालयाच्याच पत्त्यावरून येते, तिच्यावर निळी खूण लावायला तिसऱ्याची गरज नाही. पुराची सूचना वाचायला नागरिकाला आधी एका परक्या कंपनीत खातं उघडावं लागतं, यात काहीतरी चुकतंय हे निदान काही देशांना कळलं.

आता मुख्य प्रश्न. असल्या शांत, क्रमवारी न लावणाऱ्या जागेत माणसं एकमेकांशी बरी वागतात का? समाज सुधारतो का? इथले भक्त 'हो' म्हणतील, पण पुरावा तितका सरळ नाही. २०२०च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या हजारो लोकांची टाइमलाइन सुमारे तीन महिने वेळेच्या क्रमाची करून पाहिली. निष्कर्ष २०२३मध्ये आले. लोकांचा तिथला वेळ कमी झाला. फेसबुकवर शिवराळ मजकूर कमी दिसला, पण राजकीय आणि अविश्वासार्ह मजकूर वाढला. मतांचं ध्रुवीकरण होतं तिथेच राहिलं. क्रम बदलला म्हणून तीन महिन्यांत माणूस बदलत नाही. उलट २०१८मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात ज्यांनी चार आठवडे फेसबुक पूर्ण बंद ठेवलं, त्यांच्यात राजकीय टोकाचेपणा थोडा कमी झाला, मन थोडं बरं झालं आणि बातम्यांचं ज्ञानही घटलं. तिन्ही एकदमच.

पण खीळ घातली की वेग कमी होतो, हेही तितकंच खरं. व्हॉट्सॲपने २०२०च्या एप्रिलमध्ये खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलायची मर्यादा घातली. अशा निरोपांचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. कोणाचंही प्रबोधन केलं नाही, कोणाला गप्प बसवलं नाही. मॅस्टोडॉनमध्ये अशा खिळी ठिकठिकाणी आहेत आणि मला त्या आवडतात. इथे भांडणं होतात, कडाक्याची होतात. मागे एकदा दोन सर्व्हरच्या चालकांचं बिनसलं, एकाने दुसऱ्याच्या सर्व्हरशी संबंधच तोडून टाकला, आणि माझी दोन चांगली माणसं एका रात्रीत नाहीशी झाली. आमचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. मात्र ते भांडण बघायला लाखभर लोक जमले नाहीत.

तर घ्यावं का? तुम्हाला आपलं लिखाण, दुकान, गाणं लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर नको, हात चोळत बसाल. जगात या क्षणी काय चाललंय ते हवं असेल तरीही नको. ठरावीक विषयावर ठरावीक माणसांशी बोलायचं असेल, आणि आपली माणसं आपण शोधायची तयारी असेल, तर जरूर घ्या. सर्व्हर निवडताना त्याचं माहितीचं पान उघडून नियम वाचा, चालवणारे किती जण आहेत ते बघा (एकटाच असेल तर दुसरा बघा), आणि पैसे कुठून येतात ते लिहिलंय का तेही. पहिले दोन आठवडे टाइमलाइन ओस वाटेल. हॅशटॅगही फॉलो करता येतात, आवडीचे पाच-सहा करून ठेवा, तिथून माणसं मिळतात. आणि परवडत असेल तर चालवणाऱ्याला वर्षातून एकदा चार पैसे पाठवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा संपादनाच्या बटणाचा.